‘फी माफ, वर खर्चाला पैसे’: असिस्टंटशिपच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि नणंदेच्या सासरच्या. (त्या तिसऱ्या ग्रुपात मी का आहे, हे मलाही कोडं आहे.) मजकूर थोडक्यात असा:

“अमेरिकेत एमएसला पैसे लागतात हा गैरसमज आहे. तिथे प्रत्येक हुशार विद्यार्थ्याला असिस्टंटशिप मिळते. फी पूर्ण माफ, वर महिन्याला दोन हजार डॉलर. काम आठवड्याला फक्त वीस तास. आधी नाही मिळाली तरी पहिलं सेमिस्टर कसंबसं काढा, गेल्यावर मिळतेच. प्रोफेसरांना मेल टाकत राहा. नाहीच जमलं तर बाहेर छोटंमोठं काम करून खर्च निघतो. गरजू पालकांपर्यंत पोहोचवा.”

सोसायटीच्या ग्रुपवर त्याखाली एका काकांनी लिहिलं, “बरोबर आहे. आमच्या वेळी सगळ्यांनाच एड मिळायची.” (एड म्हणजे आर्थिक मदत.) तिथे मला राहवलं नाही.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी केली. पाच वर्षं फी भरली नाही, उलट पगार घेतला. म्हणजे या फॉरवर्डात वर्णन केलेला भाग्यवान प्राणी मीच. म्हणून तो वाक्यावाक्यानं तपासते.

“प्रत्येक हुशार विद्यार्थ्याला मिळते.”

सगळा घोटाळा इथून सुरू होतो. असिस्टंटशिपला आपण शिष्यवृत्ती समजतो, पण ती नोकरी असते, आणि नोकरी निघते कुणाचं तरी काम अडल्यावर. टीएची, म्हणजे टीचिंग असिस्टंटची, जागा निघते कारण पहिल्या वर्षाच्या शेकडो अंडरग्रॅड मुलांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं कुणीतरी घ्यायची असतात, कॅल्क्युलसची गणितं कुणीतरी सोडवून दाखवायची असतात. आरएची, म्हणजे रिसर्च असिस्टंटची, जागा निघते कारण एखाद्या प्रोफेसरला एनएसएफ किंवा एनआयएच या सरकारी संस्थांकडून संशोधनाची ग्रँट मिळालेली असते आणि त्यातलं संशोधन करायला हात हवे असतात. विद्यार्थ्याचा पगार आणि फी, दोन्ही त्या ग्रँटच्या बजेटात आधीच मांडलेली असतात. तिसरा प्रकार जीएचा, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटचा: वसतिगृह, ग्रंथालय किंवा एखाद्या कार्यालयातलं काम. तुमचा मुलगा हुशार आहे की नाही हा प्रश्न त्यानंतर येतो. आधी विचारायचं ते हे, की त्याची गरज कुणाला आहे?

गरज असते ती बहुतेक करून पीएचडीवाल्यांची. तो पाच वर्षं टिकतो, पहिल्या वर्षी शिकवलेलं काम त्याच्याकडून पुढे चार वर्षं करून घेता येतं. एमएसचा विद्यार्थी दीड-दोन वर्षांत बाहेर. शिवाय कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स, इंजिनिअरिंग मॅनेजमेंट अशा कितीतरी एमएस अभ्यासक्रमांची फी हे विभागाचं उत्पन्न असतं. ज्या गिऱ्हाइकाच्या पैशावर दुकान चालतं, त्यालाच माल फुकट कोण देईल? अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात पूर्णवेळ कामाच्या २५ ते ६७ टक्के काम असलेल्या असिस्टंटशिपला ट्यूशन वेव्हर, म्हणजे शिक्षणशुल्काची माफी, मिळते हे खरं. पण स्वतःचा खर्च स्वतः भागवणारे काही अभ्यासक्रम तिथेही आहेत, आणि त्यांतल्या विद्यार्थ्यांना हा वेव्हर लागू होत नाही.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले १,९६,५६७ पदव्युत्तर, म्हणजे एमएस आणि पीएचडी मिळून. एवढ्यांना पुरतील इतकी प्रॅक्टिकलं त्या देशात नाहीत.

आता काकांची ‘एड’. काका खोटं बोलत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकात परकीय चलन मोजून मापून मिळायचं, खिशात आठ डॉलर घेऊन गेल्याच्या गोष्टी त्या पिढीच्या प्रत्येक घरात आहेत. शैक्षणिक कर्ज आजच्यासारखं सहज मिळत नव्हतं. अशा वेळी ज्याला एड मिळाली तोच विमानात बसला. ज्याला नाही मिळाली तो किर्लोस्करमध्ये नाही तर टेल्कोत लागला आणि त्याची गोष्ट अमेरिकेची म्हणून कुणी सांगितली नाही. गेलेल्या सगळ्यांना एड होती हे बरोबर. एड नसलेले गेलेच नव्हते! आज बँक कर्ज देते, म्हणून एड नसलेलेही जातात, आणि तेच बहुसंख्य आहेत.

“फी पूर्ण माफ.”

माफ होते ती ट्यूशन. तिच्याखाली बिलात आणखी एक पाढा असतो: तंत्रज्ञान फी, विद्यार्थी सेवा फी, व्यायामशाळा, बस, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची वेगळी फी, आरोग्य विमा. कुठे विद्यापीठ यातला काही भाग उचलतं, कुठे एक पैसाही नाही. माझ्या पहिल्या पगाराआधी पहिलं बिल आलं होतं आणि ते भरायला मी रूममेटकडून उसने घेतले होते.

टेक्सासचं तर अजून वेगळं. आपल्याकडची खूप मुलं तिथे जातात, म्हणून सांगते. तिथल्या कायद्यानं अर्धवेळ टीए किंवा आरए असलेल्याला राज्यातल्या रहिवाशाच्या दरानं ट्यूशन लागते. परक्याचा भाव उतरून घरच्याचा झाला, एवढंच. विभागानं वेगळी सोय केली असेल तरच उरलेली फी सुटते. गंमत म्हणजे त्याच राज्यात किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तरी हा घरचा भाव लागू होऊ शकतो. ही गोष्ट फॉरवर्ड करण्यासारखी आहे, पण ती कुणी करत नाही.

आणि माफी नोकरीला बांधलेली असते. नेमणूक गेली की माफीही गेली. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात २०२३ च्या सुरुवातीला असिस्टंट मंडळी संपावर गेली, तेव्हा विद्यापीठानं संपकऱ्यांची फीमाफी आणि आरोग्य विमा काढून घेतला होता. आपल्याकडे मालक क्वार्टर खाली करायला सांगतो, त्याच जातीचा हा प्रकार.

“महिन्याला दोन हजार डॉलर.”

रक्कम विभागागणिक बदलते, पण दोन हजारच धरू. महिने किती? टीएची नेमणूक सहसा नऊ महिन्यांची असते. म्हणजे अठरा हजार, आणि उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे. घरभाडं मात्र बारा महिने. उन्हाळ्यात शिकवण्याच्या जागा मोजक्या, त्यामुळे मार्च उजाडला की विभागात एकमेकांना विचारणं सुरू होतं: समरचं काय?

एका बाबतीत मी फॉरवर्डची बाजू घेते. करात फार जात नाही. माफ झालेली ट्यूशन उत्पन्नात धरत नाहीत. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या कर-विधेयकात ती धरायची तरतूद होती, पण अंतिम कायद्यात ती आली नाही. शिवाय भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. अठरा हजारांतून वजा केली तर करपात्र उरतात ३,४०० आणि त्यावर १० टक्क्यांनी केंद्राचा कर ३४० डॉलर. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. माझ्या चिनी लॅबमित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला होता.

पण पगारावर पोट भरतं का, हे विचारायचं तर कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे बघावं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथले सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत टीए, आरए, ट्यूटर, पोस्टडॉक सगळे होते. संप जवळपास सहा आठवडे चालला आणि कळीचा मुद्दा होता, पगार भाड्यातच संपतो. मजेत राहणारी माणसं दीड महिना गेटवर उभी राहत नाहीत.

“काम फक्त वीस तास.”

माझा आठवडा मांडते. लॅबचे दोन वर्ग, प्रत्येकी तीन तास: सहा. प्रत्येक वर्गात चोवीस मुलं, म्हणजे अठ्ठेचाळीस जर्नलं. एकाला दहा मिनिटं धरली तरी आठ तास. चौदा झाले. मुलांच्या शंकांसाठी राखीव दोन तास, सोळा. टीएंची बैठक एक, सतरा. पुढच्या आठवड्याचं प्रॅक्टिकल आधी स्वतः करून बघायचं, तीन. झाले वीस. यात “मला साडेआठ का, नऊ का नाही?” अशी रात्री अकराची मेल धरलेली नाही. परीक्षेच्या आठवड्यात पर्यवेक्षण आणि नंतर सगळ्यांनी एका खोलीत बसून पिझ्झा खात पेपर तपासणं. तो पिझ्झा विभागाचा असायचा, एवढं कबूल करते. हे सगळं स्वतःचे तीन कोर्स आणि स्वतःचं संशोधन सांभाळून.

आणि हे वीस ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, सगळ्या कामांची बेरीज धरून. टीएशिप वीस तासांची असेल तर वर कॅन्टीनमधले पाच तासही जोडता येत नाहीत. सुट्टीत मात्र पूर्णवेळ चालतं.

“गेल्यावर मिळतेच.”

काहींना मिळते, नाकारत नाही. पहिल्या सेमिस्टरला एखाद्या प्रोफेसरच्या कोर्सात चमकले, त्याला माणूस हवा होता, जमून गेलं. पण एमएसवाल्यांना बऱ्याचदा जे मिळतं ते ग्रेडरचं, म्हणजे वह्या-पेपर तपासण्याचं, तासावारी काम. तासाचे पैसे मिळतात, फी तशीच राहते. घरी फोनवर मात्र तेही “असिस्टंटशिप लागली” म्हणूनच सांगितलं जातं, आणि तिथून हे फॉरवर्ड जन्माला येतात.

व्हिसाच्या खिडकीवर “जाऊन मिळवीन” चालत नाही. आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, पैसे कुठून येणार ते लिहिलेलं असतं, आणि हातात पत्र असेल तरच असिस्टंटशिप त्यात येते. हवाही बदलली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचनं ग्रँटमधला आनुषंगिक खर्च (इमारत, वीज, कार्यालय यांचा) १५ टक्क्यांवर आणायची घोषणा केली. न्यायालयानं ती अडवली, पण निधीचीच खात्री उरली नाही म्हटल्यावर विद्यापीठांनी हात आखडले. मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन वैद्यकीय महाविद्यालयानं तर देऊ केलेले पीएचडी प्रवेश परत घेतले. ग्रँट आटली की आधी आरए आटतात.

“प्रोफेसरांना मेल टाकत राहा.”

‘रिस्पेक्टेड सर’नं सुरू होणारी एकच मेल दोनशे जणांना गेली, तर ती दोनशे ठिकाणी पुसली जाते. टीएच्या जागा प्रोफेसर वाटतच नाही, विभागाची समिती वाटते. आरएसाठी मेल उपयोगी पडते, पण त्या माणसाचा पेपर खरंच वाचून त्यावर एखादा नीट प्रश्न विचारला असेल तर.

“बाहेर छोटंमोठं काम करून खर्च निघतो.”

हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका. पहिल्या शैक्षणिक वर्षात एफ-वनवर कॅम्पसबाहेर काम करायला साधारणपणे परवानगीच नाही, आणि नंतरही सीपीटी किंवा ओपीटीसारखी, म्हणजे अभ्यासाशी निगडित प्रशिक्षणाच्या कामाची, अधिकृत मंजुरी लागते. पेट्रोल पंपावर, मोटेलात, रोख घेऊन केलं तरी ते विनापरवाना कामच. सापडलं तर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद रद्द होते, आणि अशा वेळी देश सोडायला वाढीव मुदतसुद्धा मिळत नाही. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जातही परवानगीशिवाय कधी काम केलं का, हा प्रश्न असतोच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही, एवढं तिथे कोण वाचतं? आमच्या मजल्यावरच्या मुलीचे बाबा मात्र तिची पत्रं घेऊन आले. एमएसच्या पत्रात लिहिलं होतं, तुमचा असिस्टंटशिपसाठी “विचार केला जाईल”. लग्नाच्या बोलणीत “कळवतो” म्हणतात, तेच हे. दुसरं पीएचडीचं होतं. त्यात पन्नास टक्के नेमणूक, नऊ महिन्यांचा पगार, वेव्हर, विम्यातला विद्यापीठाचा वाटा आणि किती वर्षं हे सगळं आकड्यात होतं. तिला पीएचडी करायचीच नव्हती. पीएचडीला प्रवेश घेऊन मध्येच एमएसची पदवी घेऊन बाहेर पडायचा सल्ला तिला कुणीतरी दिला होता. तो मला पटला नाही, तिलाही नाही.

तिला घाई होती ती अशी, की पीएचडीच्या विद्यापीठानं दोन आठवड्यांत उत्तर मागितलं होतं. मी म्हटलं, ते विद्यापीठ कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावात सामील आहे का बघ. असेल तर अशा आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन नाही. ते होतं. मग तिनं एमएसच्या विभागाला तीन ओळींची मेल केली: गेल्या वर्षी तुमच्या एमएसच्या किती विद्यार्थ्यांना वेव्हरसकट नेमणूक मिळाली, कोणत्या सेमिस्टरपासून, आणि ती पुढे चालू राहिली का?

उत्तर चार दिवसांत आलं. एमएसला वेव्हर नाही. दुसऱ्या सेमिस्टरपासून तासावारी ग्रेडिंग, दहा तास, उपलब्धतेनुसार. बाबांनी ते उत्तर सोसायटीच्या ग्रुपवर त्या फॉरवर्डखाली टाकलं. दोन जणांनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडून तोच फॉरवर्ड पुन्हा आला. या वेळी खाली गुलाबाचं फूल होतं.