माळरान ओसाड नाही, तिथे जंगल लावू नका

जून आला की एक संदेश हमखास फिरतो: 'राज्यातली लाखो एकर माळरानं ओसाड पडली आहेत. तिथे झाडं लावा. तोडलेलं जंगल परत येईल, वन्यजीवांना घर मिळेल, पाऊसही वाढेल.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण दावे चुकीचे आहेत.

'ओसाड' हे महसुली नजरेतून दिसतं. सातबाऱ्यावर पडीक म्हणजे नांगर न लागलेली जमीन, निर्जीव नव्हे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर मेंढरं जगवणारा धनगर माळाला ओसाड म्हणणार नाही.

'तोडलेलं जंगल' हेही गृहीतकच. सोलापूर-नगरकडच्या पर्जन्यछायेत, पाचसहाशे मिलिमीटर पावसात आणि वीतभर मुरमाड मातीत गवत आणि मधूनच एखादी बाभूळ, हिवर, तरटी हाच मूळ निसर्ग आहे.

आता 'वन्यजीवांना घर'. कोणत्या? माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि त्याला दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. धाविक, टिटवी, चंडोल या पक्ष्यांची घरटीही भुईवरच. तणमोर पक्ष्याच्या तर नावातच तण, म्हणजे गवत आहे. काळवीट आणि चिंकारा शत्रूला लांबून हेरून, धावून जीव वाचवतात. लांडगा, खोकडही याच माळाचे. या सगळ्यांचं घर मोडून आपण कोणाला घर देणार? 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. पण त्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची लागवड झालीच. माळढोक केवळ त्यामुळे नाहीसा झाला असं नाही. शिकार होती, माळ शेतीखाली गेले, विजेच्या तारा आल्या. पण उरलेला तुकडाही आपण झाडांनी भरला, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाचं म्हणाल तर तो मोसमी वाऱ्यांवर येतो. माळावर रोपं लावून तो वाढत नाही.

खरी अडचण नियोजनाची आहे. राज्याने 2017 ते 2019 या काळात 50 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं, त्यातली 33 कोटी एकट्या 2019 मध्ये. उद्दिष्ट रोपांच्या आकड्यात असलं की मोकळी जागा शोधली जाते आणि माळ सगळ्यात आधी सापडतो. हे टाळायचं तर प्रत्येक वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे त्याच्या कामाच्या आराखड्यात, गवताळ माळाची वेगळी नोंद हवी. तिथे खड्डे, चर आणि रोपवन नाही, फक्त गवत राखणं आणि चराईचं वेळापत्रक, तेही मेंढपाळांशी बोलून. झाडं लावायला रस्त्याकडेच्या जागा, गावठाणं आणि सह्याद्रीचे बोडके झालेले उतार आहेतच.