सिडनीत भाड्याचं घर हवंय? आधी माफी मागून ठेवा

गेल्या शनिवारी आमचं चौदावं इन्स्पेक्शन झालं. आपल्याकडे दोन स्थळं पाहिलेला माणूस लग्नावर व्याख्यान देतो, मग चौदा घरं पाहून मी का गप्प बसू? तेव्हा पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून व्हिसाचं पत्र हाती पडल्यावर बॅगा भरत बसलेल्यांनो, ते मसाल्याचे डबे जरा बाजूला ठेवा आणि ऐका.

पहिली गोष्ट, ‘इन्स्पेक्शन’ या शब्दाला भुलू नका. घर तुम्ही बघायचं नसतं, तुम्हाला बघायचं असतं. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पोहे नसतात आणि एका नवरदेवासाठी चाळीस मुली जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग लावून उभ्या असतात. आमची वेळ होती पावणेअकरा ते अकरा. पंधरा मिनिटं. नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता, लेकाला खोकायचं नाही म्हणून बजावलं होतं. वेंटवर्थव्हिल स्टेशनपासून आठ मिनिटांवर, दोन बेडरूम, आठवड्याला ६८० डॉलर. हो, इथे भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचा आकडा ऐकून माणूस जागीच दगावू नये म्हणून ही सोय असावी.

बाथरूमच्या छताला पांढराशुभ्र ताजा रंग होता आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात त्या रंगातून बुरशीचे काळे ठिपके परत वर आले होते. तेरड्याचा रंग निदान तीन दिवस तरी टिकतो. अशा वेळी छताकडे बघायचं नाही. ‘उजेड छान आहे’ म्हणायचं.

मी म्हटलं.

मग एजंटबाईंनी गोड हसून विचारलं, “तुमच्याकडे खूप स्वयंपाक होतो का?” तो ‘खूप’ मुद्दाम लांबवलेला. आता, आम्ही कोल्हापूरचे. सकाळीच घातलेली लसणाची फोडणी माझ्या केसांत होती. मी म्हटलं, “छे छे, आम्ही बहुतेक सॅलडच खातो.” त्यावर चौथीतले चिरंजीव मोठ्यांदा, “कधी गं आई?” नशीब, बाईंना मराठी येत नव्हतं. तेव्हा सल्ला क्रमांक जो काही असेल तो: पोराला इन्स्पेक्शनला नेऊ नका. न्यायचंच असेल तर सॅलड खायला लावून न्या.

हिंग तीन पिशव्यांत बांधा.

अर्जासोबत पे-स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पासपोर्ट, व्हिसा, आधीच्या घरमालकाचं पत्र, साहेबांचा फोन नंबर असं सगळं द्यायचं. पत्रिका मागत नाहीत अजून. भाडं मात्र आपणहून वाढवून सांगा. एजंटने जाहिरातीपेक्षा जास्त भाडं मागणं न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०२२ पासून कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो बिचारा मागत नाहीच. “या घराला इंटरेस्ट फार आहे हं,” एवढंच बोलतो आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. कायदा पाळायची ही तऱ्हा आपल्या तलाठ्यालाही सुचली नसती.

यानंतरचा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा. घरं का मिळत नाहीत, भाडी का वाढली, तरुण पोरांना घर का घेता येत नाही, यातला कुठलाही प्रश्न कानावर पडला की लगेच हात वर करायचा आणि म्हणायचं, “मी आले म्हणून.” सवय करून घ्या. नाहीतर दुसरं कोणी तुमच्या वतीने म्हणतंच.

३१ ऑगस्ट २०२५ ला म्हटलं की. सिडनीत एकीकडे मॅरेथॉन धावत होती आणि दुसरीकडे ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’वाले झेंडे पांघरून स्थलांतर थांबवा म्हणून निघाले होते. त्यांच्या पत्रकात आपला खास नावानिशी उल्लेख होता: शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले. त्याच दिवशी आमच्याकडे गौरी आवाहन. मी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढत होते. “गौर आली, कशाच्या पावलांनी आली?” “सोन्यामोत्याच्या पावलांनी आली.” आणि टीव्हीवर लोक ओरडत होते, परत पाठवा. मी आवाज बंद केला. गौरीला कशाला कळायला हवं? तिचा मुक्काम तसाही तीनच दिवसांचा, तेवढ्यासाठी कोण भाडेकरार करतंय!

त्याच आठवड्यात विरोधी लिबरल पक्षाच्या सिनेटर जसिंटा नम्पिजिनपा प्राइस यांनी टीव्हीवर सुचवलं की भारतीय लेबरला मतं देतात म्हणून लेबर सरकार त्यांना आणतंय. पुढे पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या सुझन ले यांनी भारतीयांची माफी मागितली आणि प्राइसबाईंचं शॅडो मंत्रिपद, म्हणजे विरोधकांच्या छायामंत्रिमंडळातली जागा, तीही काढली. पण ती नेतृत्वाला जाहीर पाठिंबा द्यायला नकार दिला म्हणून, आपल्यासाठी नव्हे, उगाच हुरळून जाऊ नका. मत द्यायला इथे नागरिक व्हावं लागतं. त्यासाठी किमान चार वर्षं राहायचं आणि त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, काढायचं. मी आहे तात्पुरत्या व्हिसावर. माझं नाव अजून कोल्हापूर दक्षिणच्या यादीत आहे. मला आणून लेबरला काय मिळालं, ते त्यांनी तरी सांगावं.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर सॉसेज मिळतं. त्याला नागरिकत्व लागत नाही, ते खा.

तर हिशेब. मार्च २०२० मध्ये या देशाने सीमा बंद केल्या. २०२०-२१ या वर्षात आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त होते. विमानतळावर शुकशुकाट. म्हणजे घरं स्वस्त व्हायला हवी होती, हो ना? एकट्या २०२१ मध्ये देशभरात घरांच्या किमती २२ टक्क्यांनी वाढल्या. कोणी घेतली ती घरं? मी तर तेव्हा राजारामपुरीत मास्क लावून भाजी आणत होते! रिझर्व्ह बँकेने आपला व्याजदर ०.१ टक्क्यावर आणून ठेवला होता, म्हणून इथल्याच लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, ज्यांच्याकडे एक होतं त्यांतल्या काहींनी दुसरं घेतलं. एवढं सरळ आहे ते. बरं, सीमा उघडल्यावर २०२२-२३ मध्ये निव्वळ पाच लाखांवर माणसं आली आणि त्याने भाड्यांवर ताण आला, हे मी नाकारत नाही. रांगेत उभं राहून ते कोण नाकारेल? पण ती माणसं भिंतीवरून उड्या मारून आली का? व्हिसा सरकारने दिला. विद्यापीठांनी फी घेतली. नुसत्या विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जाचे ७१० डॉलर होते, त्याचे एका वर्षात १,६०० आणि पुढच्या वर्षात २,००० केले. पैसे मोजून घेताना माणसं दिसली, ती झोपणार कुठे ते तेवढं दिसलं नाही.

आणि आता ऐका. १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथलं जुनं, बांधलेलं घर विकत घेता येत नाही. दोन वर्षं बंदी. म्हणजे घर घ्यायचं नाही, भाड्याने मिळणार नाही, आणि किमती वाढवल्या मात्र आम्हीच!

खरी मजा निगेटिव्ह गिअरिंगमध्ये आहे. आपल्याकडे तोट्यात धंदा करणाऱ्याला लोक खुळा म्हणतात, इथे गुंतवणूकदार म्हणतात. कर्ज काढून घर घ्यायचं, हप्त्याचं व्याज भाड्यापेक्षा जास्त जाऊ द्यायचं, आणि तो तोटा आपल्या पगारातून वजा करून टॅक्स कमी भरायचा. हॉक आणि कीटिंग यांच्या सरकारने १९८५ मध्ये हे बंद केलं, १९८७ मध्ये परत चालू केलं. मग १९९९ मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांनी वरून साजूक तूप सोडलं: घर विकून जो नफा होईल त्यातल्या निम्म्यावरच टॅक्स. तोटा झाला तर सरकार सोबत, नफा झाला तरी सरकार सोबत. असा जावई कोणाला नको! २०१९ च्या निवडणुकीत लेबरचे नेते बिल शॉर्टन म्हणाले, ही खैरात आवरू या. लोकांनी शॉर्टनना आवरलं. त्यातून लेबर पक्ष तेव्हा एवढंच शिकला की पुढच्या निवडणुकांत हा विषय काढायचा नाही. २०२५ च्या निवडणुकीत लेबर म्हणालं, पाच टक्के भरा आणि पहिलं घर घ्या, कमी पडलेल्या डिपॉझिटची हमी आमची. विरोधक म्हणाले, नव्या घराच्या कर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करा, शिवाय म्हातारपणासाठी साठवलेल्या सुपरमधून ५० हजार डॉलरपर्यंत काढा. दोघांनी मिळून घेणाऱ्याच्या खिशात आणखी पैसे कोंबले, म्हणजे विकणाऱ्याने किंमत तेवढीच वाढवायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचा वायदा जुलै २०२४ पासून चालू आहे आणि पहिल्या वर्षापासून मागे पडलेला आहे. गृहनिर्माण मंत्री क्लेअर ओनील यांनी तर सांगूनच टाकलं की घरांच्या किमती खाली आणणं हे सरकारचं उद्दिष्ट नाही. पंतप्रधान अल्बनीझी स्वतः सरकारी घरात वाढले, एकट्या आईने वाढवलं, प्रत्येक भाषणात ऐकून डोळे पाणावतात. त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडनीच्या उत्तरेला समुद्राकाठी कोपाकबानाला ४३ लाख डॉलरचं घर घेतलं. घ्यावं, त्यांच्या पैशाने घेतलं. पण मग आईची गोष्ट थोडे दिवस सांगू नये, एवढंच माझं म्हणणं.

दिवाळीच्या मेळ्यात खासदार कुर्ता घालून भेटतील. ‘नमस्ते’ म्हणतील. त्यांच्याशी समोशाबद्दल बोला.

आणि आता आपले काका. प्रत्येक मंडळात एक असतातच, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये महाप्रसादाची पंगत होती. काका हातात वरणाचा डाव घेऊन वाढत होते आणि मला म्हणाले, “घर मिळत नाहीये? अगं, आता जरा थांबवायलाच हवं हे. आमच्या वेळी पारखून निवडलेली माणसं यायची. आता कोणीही उठतं आणि येतं.” वरण माझ्या पानात पडलं. मी त्यांना हसून ‘हो ना काका’ म्हटलं. गेला महिना-दीड महिना मी त्या ‘हो ना’ची लाज बाळगून आहे.

काका, तुम्ही १९९८ मध्ये आलात. दोन बॅगा घेऊन. पहिले तीन महिने एका मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपलात, हे तुम्हीच दर कोजागरीला सांगता. तेव्हाही स्थलांतरविरोधी खासदार पॉलीन हॅन्सन होत्याच. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी संसदेत सांगितलं होतं की आशियाई लोकांनी हा देश बुडायला आलाय. त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या, काका. तुम्ही पारखून निवडलेले आहात असा भेदभाव त्यांनी केला नव्हता. आणि ३१ ऑगस्टला रस्त्यावर उतरलेल्यांनीही तुमच्या पासपोर्टचा रंग बघितला नसता, शर्टाच्या बाहेरचा रंग बघितला असता.

आज तुमचे तीन फ्लॅट आहेत. त्यात राहतं कोण? परवा-परवा आलेलीच पोरं. तुमचे हप्ते तीच फेडतात. दोन वर्षांत दोनदा भाडं वाढवलंत, छतातून गळतंय म्हणून त्यांनी केलेल्या मेलला उत्तर नाही दिलंत, आणि ‘माझा तर तोटाच होतोय’ म्हणून टॅक्स परत घेतलात. वर पंगतीत म्हणता, माणसं येणं थांबवा! उद्या खरंच थांबली तर रिकामे फ्लॅट घेऊन बसाल कपाळाला हात लावून. शिडीने माळ्यावर चढलात, चांगलं झालं, पण ती वर ओढून घेताना खालच्या माणसाला ‘चढता येत नाही का’ असं विचारू नका. निर्लज्जपणाला काही हद्द असते.

त्या शनिवारी माझ्यामागे एक साठीच्या बाई उभ्या होत्या. ब्लॅकटाउनमध्ये जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या, अकरा वर्षं एकाच घरात भाड्याने राहिलेल्या. मालक घर विकतोय. त्यांनी पुढे मान करून रांग मोजली आणि मला वाटलं, आता ऐकवणार काहीतरी. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि लेकाला विचारलं, तुला थंडी वाजतेय का? त्या बाई आमच्या रांगेत होत्या, काका. तुम्ही नव्हता.

मंगळवारी मेल आला, तुमचा अर्ज मंजूर झालेला नाही. त्या बाईंना मिळालं असेल तर बरं होईल. पण बुरशीचं ते छत बघून त्याही ‘उजेड छान आहे’ म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्याकडे पे-स्लिप नव्हती.