‘एन’ अधिक आठ म्हणजे रात्र? बेरीज तपासून पाहू

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं असं: युरोपातल्या भाषांत रात्रीसाठीचा शब्द म्हणजे ‘एन’ हे अक्षर अधिक आठ. इंग्रजीत नाइट-एट, जर्मनमध्ये नाख्ट-आख्ट, फ्रेंचमध्ये न्वी-वीत, स्पॅनिशमध्ये नोचे-ओचो, इटालियनमध्ये नोत्ते-ओत्तो, पोर्तुगीजमध्ये नोइते-ओइतो. ‘एन’ हे गणितात अनंताचं चिन्ह, आडवा आठ म्हणजेही अनंत. म्हणून रात्र म्हणजे अनंताशी मीलन. आणि हे म्हणे सगळ्या युरोपीय भाषांत. यातले शब्द खरे आहेत, साम्यही खरं आहे. त्यावर चढवलेला मजला मात्र कच्चा.

‘एन म्हणजे अनंत.’ नाही. गणितात ‘एन’ हे अक्षर बहुतेक वेळा कुठल्याही एका नैसर्गिक संख्येसाठी वापरतात. ती पाच असेल किंवा पाच कोटी, पण असते सान्तच. अनंताचं आडवं चिन्ह जॉन वॉलिस या इंग्रज गणितीने १६५५ मध्ये रूढ केलं. आणि आठचा तो दोन गोलांचा आकडा भारतीय अंकांच्या घराण्यातला, अरबांमार्फत युरोपात गेलेला. त्याच्या कितीतरी आधी लॅटिनमध्ये रात्रीला ‘नोक्स’ म्हणत होते. तेव्हा रोमन लोक आठ लिहायचे ते पाचाच्या खुणेपुढे तीन उभ्या रेघा मारून. त्या आडव्या केल्या तर शिडी दिसेल, अनंत नाही. (आपला ‘८’ आडवा करून काय मिळतं, तेही पाहा.)

‘एन अधिक आठ.’ ही बेरीज तंतोतंत जमते ती जर्मन आणि डचमध्ये. स्पॅनिशमध्ये ‘नोचो’ यायला हवं, येतं ‘नोचे’. इटालियनमध्ये ‘नोत्तो’ हवं, येतं ‘नोत्ते’. इंग्रजीत स्पेलिंग पुरतं जुळत नाही आणि उच्चारही: ‘एन’ला ‘एट’ जोडलं तर ‘नेट’ होतं, ‘नाइट’ नाही. फ्रेंच आठमध्ये एक मूक ‘एच’ आहे, तो रात्रीत नाही. हा ‘एच’ लॅटिन मुळातही नव्हता. मध्ययुगात ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच आकाराने लिहीत, म्हणून शब्द ‘वित’ असा वाचला जाऊ नये यासाठी लेखनिकांनी तो पुढे बसवला. कातालानमध्ये तर रात्र ‘नित’ आणि आठ ‘वुइत’.

मग इतकं साम्य आलं कुठून? लॅटिनमध्ये रात्र ‘नोक्तेम’ (‘नोक्स’चंच विभक्तीतलं रूप) आणि आठ ‘ओक्तो’. दोन्हींत ‘ओक्त’ आहे. पुढे प्रत्येक भाषेने ‘क्त’ची आपल्या पद्धतीने वाट लावली: इटालियनमध्ये ‘त्त’, स्पॅनिशमध्ये ‘च’, पोर्तुगीजमध्ये ‘इत’, रोमानियनमध्ये ‘प्त’. हा बदल दोनच शब्दांपुरता नाही. दूध घ्या. लॅटिन ‘लाक्तेम’चं इटालियनमध्ये लात्ते, स्पॅनिशमध्ये लेचे, पोर्तुगीजमध्ये लेइते, रोमानियनमध्ये लाप्ते झालं. रात्र आणि आठ ज्या चरकातून गेले त्यातूनच दूध गेलं. जर्मनमध्ये सत्तेला ‘माख्ट’ म्हणतात. मग सत्ता म्हणजे ‘एम’ अधिक आठ का? इंग्रजी ‘वेट’ म्हणजे वजन. त्यात तर ‘एट’ स्पेलिंग आणि उच्चार दोन्हींसकट पूर्ण बसतो. त्याच्यावर अध्यात्म कुणी रचलं नाही, हे बरंच.

पण खरी कसोटी पूर्वेकडे लागते. तौलनिक भाषाशास्त्रानुसार मूळ इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, लॅटिन, जर्मन अशा भाषांची मानलेली पूर्वज) ‘क’ एकच नव्हता. रात्रीच्या धातूत होता ओठ गोल करून म्हटलेला ‘क्व’, आठमध्ये होता टाळूकडे सरकलेला ‘क्य’. पश्चिमेकडच्या शाखांत ‘त’च्या आधी दोघांचा सपाट ‘क’ झाला आणि हे शब्द जुळ्यांसारखे दिसू लागले. संस्कृत, लिथुआनियन, रशियन या शाखांत टाळूकडचा वर्ण श-ष-स झाला, ‘क्व’ मात्र ‘क’ राहिला. म्हणून लिथुआनियनमध्ये रात्र ‘नाक्तिस’ पण आठ ‘अश्तुओनि’. संस्कृतात ‘नक्तम्’ आणि ‘अष्ट’. (रशियनमध्ये पुढे तोही ‘क्त’ बदलला आणि ‘नोच’ झालं, आठ ‘वोसेम’.) पंचांगात ‘नक्त’ हा शब्द आजही भेटतो: दिवसभर उपास करून रात्री जेवायचं व्रत. ‘न’ अधिक ‘अष्ट’ करून पाहा. ‘नष्ट’ होतं, नक्त नाही.

‘सगळ्या युरोपीय भाषांत’ हा शेपटाचा दावा तर एका वाक्यात निकालात निघतो. बास्कमध्ये रात्र ‘गाउ’, आठ ‘सोर्त्सी’. हंगेरियनमध्ये रात्र ‘एय’ आणि आठ ‘न्योल्त्स’, म्हणजे ‘न’ चिकटला तो आठाला.

असे मजकूर तपासायचे तर शब्दाचं सगळ्यात जुनं रूप घ्या. त्याच वर्णांचे आणखी चार-पाच शब्द रांगेत लावा. मग अशी भगिनी-भाषा शोधा जिथे ते वर्ण वेगळे राहिलेत. बहुतेक चमत्कार दुसऱ्या पायरीवरच गळतात.

बाकी आठ आणि रात्र यांची खरी जोडी हवी असेल तर ती वेल्शमध्ये आहे. ‘उइथ’ म्हणजे आठ, ‘नॉस’ म्हणजे रात्र, आणि ‘उइथनॉस’ म्हणजे… आठवडा. या सोमवारच्या रात्रीपासून पुढच्या सोमवारच्या रात्रीपर्यंत दोन्ही टोकं धरून मोजलं की आठ भरतात. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा तसंच मोजतो. आणि वेल्शमध्ये दोन आठवड्यांना म्हणतात ‘पिथेव्नॉस’, पंधरा रात्री. म्हणजे पंधरवडा.