ज्याच्यासाठी वर्गणी काढता, त्याला आधी विचारा

यंदा आमच्या कोकणातल्या पंचक्रोशीतल्या मंडळांनी मिळून एक चांगली गोष्ट ठरवली आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार, असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी द्यायचा. चतुर्थीत भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, तुळशीचं लग्न झालं की दशावताराचा खास प्रयोग, आणि चाकरमान्यांसाठी पावती पुस्तकं मुंबईला पाठवायची. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. देऊळ, रस्ता, क्रिकेटच्या स्पर्धा यांसाठी आपल्याकडे पैसे उभे राहतात, पण या आजाराचं नावही कुणी घेत नव्हतं. माझ्या बहिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला यातलाच ड्यूशेन नावाचा प्रकार आहे. म्हणून कार्यक्रमाच्या आधी थोडं मोकळेपणाने लिहिते.

पुष्कळांना अजून हा पोलिओसारखा काहीतरी आजार वाटतो. तसं नाही. स्नायूंना टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला ड्यूशेन होतो. मूल चालायला उशिरा लागतं, चवड्यांवर चालतं, जिने चढताना दमतं. पोटऱ्या मात्र चांगल्या जाडजूड दिसतात, त्यामुळे घरचे म्हणतात, पोर मजबूत आहे, आळस करतं. जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उभं राहतं. असं उठणारं मूल दिसलं तर कृपा करून थांबू नका. सीके नावाची रक्ताची साधी तपासणी आहे, तिच्यातला आकडा हजारांत आला की पुढची जनुकीय तपासणी करायची. आमच्याकडे ‘कॅल्शियम कमी आहे’ यातच बराच काळ गेला.

आणि आईला दोष देणं थांबवा. हा जनुकातला बिघाड एक्स गुणसूत्रावरचा असतो, म्हणून आईकडून मुलाकडे येऊ शकतो, हे खरं. पण साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तो नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. डिस्ट्रोफिनचं जनुक हे माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक, त्यामुळे त्यात चूक व्हायला जागाही तेवढीच मोठी. माझ्या बहिणीला लग्नकार्यात, हळदीकुंकवात काय काय ऐकावं लागलं ते मी जवळून पाहिलंय. देवाचा कोप झाला, कुळाचार चुकला, माहेरचंच काहीतरी असणार, सगळं झालं. आईत जे असेल ते तिने निवडून घेतलेलं नसतं. तपासणी करायची ती पुढच्या बाळाचा विचार करता यावा म्हणून, बहिणींना आणि भाच्यांना कळावं म्हणून. मीही करून घेतली.

आता मुद्द्याचं. तयारीच्या बैठकीत एक सूचना आली. दशावतारात सुरुवातीची गणपती आणि संकासुर ही सोंगं झाली की आख्यान सुरू व्हायच्या आधी तालुक्यातल्या अशा चार-पाच मुलांना व्हीलचेअरवरून स्टेजवर आणावं, म्हणजे लोकांना बघता येईल. सूचना करणारे आजोबा गावात सगळ्यांच्या अडीनडीला धावणारे आहेत. ते म्हणाले, ‘‘पोरां समोर दिसली की लोक खिसो सैल करतत.’’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी घरी येऊन भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘गे मावशी, माका थय स्टेजार नको. माका फुडे बसान संकासुर बघूचो आसा. आणि माझो फोटो काढून कोणाक पाठवू नको म्हणान सांग.’’

हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. अमेरिकेत जेरी लुईस या विनोदी नटाने १९६६ पासून २०१० पर्यंत दर वर्षी टीव्हीवर तासन् तास चालणारा कार्यक्रम करून स्नायूंच्या आजारांच्या संस्थेसाठी प्रचंड निधी उभा केला. त्या पैशातून दवाखाने चालले, संशोधन झालं, ते कुणी नाकारू नये. पण लहानपणी ज्यांचे चेहरे त्या आवाहनासाठी वापरले गेले, त्यांतलेच काही जण मोठे झाल्यावर १९९० च्या दशकात त्या कार्यक्रमाविरुद्ध निदर्शनं करायला उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला बिचारं करून दाखवल्यावर पैसे मिळतात, पण नोकरी देताना, शेजारी म्हणून स्वीकारताना लोकांच्या डोळ्यांसमोर तोच बिचारा राहतो. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आपल्या गावात तर हे जास्तच लागू पडतं, कारण इथे प्रेक्षक परका नाही. आज ज्याने स्टेजवरच्या पोराकडे बघून डोळे पुसले, तोच उद्या दुकानावर भेटणार आहे.

फ्रान्समध्ये हेच काम वेगळ्या रीतीने झालं. तिथे १९८७ पासून दर डिसेंबरला टेलिथॉन, म्हणजे निधीसाठीचा असाच टीव्हीवरचा लांबलचक कार्यक्रम, होतो आणि तो नुसता टीव्हीवर राहत नाही. हजारो लहान-मोठ्या गावांत त्या दिवसांत जेवणं, धावण्याच्या शर्यती, संगीत, विक्रीचे स्टॉल लागतात. आपल्या जत्रेत रमलेल्या माणसाला ते बघून घरच्यासारखं वाटेल. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की सूत्रं रुग्णांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या संघटनेकडे आहेत. पैसे कशावर घालायचे ते त्यांनी ठरवलं. १९९० मध्ये त्यांनी जेनेथॉन ही प्रयोगशाळा उभी केली आणि मानवी जनुकांचे सुरुवातीचे नकाशे तयार करण्यात तिचा मोठा वाटा होता. गावागावांतल्या वर्गणीतून हे झालं!

आपण जनुकांचे नकाशे काढणार नाही. पण पैसे कुठे जावेत ते घरच्यांना आणि मुलांना विचारून ठरवणं आपल्या हातात आहे, आणि न विचारता दिलेली मदत कशी वाया जाते हे मी पाहिलंय. कोविड ओसरल्यावर एका भल्या कुटुंबाने आम्हाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिला. केवढी मोठी वस्तू, केवढं मोठं मन. पण ड्यूशेनच्या मुलांत अडचण असते ती श्वास ओढणारे स्नायू थकण्याची. शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. अशा वेळी नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा चांगला दिसतो आणि आतली अवस्था बिघडत जाऊ शकते. त्यांना लागतो बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र, तोही डॉक्टरांनी तपासून ठरवलेला. तसंच व्हीलचेअरचं. शिबिरात सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची मिळते, फोटो निघतो. या मुलांचे हातही कमजोर होत जातात, त्यांना चाक ढकलता येत नाही, आणि पाठीला नीट आधार नसेल तर कणा वाकायला लागतो.

बायपॅप आला की वीज आली. आणि वीज म्हटलं की आपलं कोकण. पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की वाडी रात्रभर अंधारात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. ज्याच्या घरात रात्रीचा श्वास यंत्रावर आहे, त्या घरी चांगला इन्व्हर्टर आणि जादा बॅटरी ही चैन नव्हे, औषधच आहे. बहिणीला विचारलंत तर ती पहिल्यांदा हेच मागेल.

दुसरं मागेल ती वाट. आमची घरं उतारावर. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, पावसात शेवाळलेली. भाचा लहान होता तोवर भावोजी त्याला पाठीवर घेऊन चढायचे. आता तो मोठा झालाय, स्टेरॉइडने वजनही वाढतं, भावोजींची कंबर गेलीय. स्टेरॉइड बंद करा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच गोळ्यांमुळे मुलं जास्त काळ चालतात आणि त्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पाखाडीच्या कडेने चढाचा सिमेंटचा रस्ता झाला तर तो पोरगा स्वतः शाळेपर्यंत येईल, बॅटरीच्या खुर्चीवर. त्या रस्त्याला दोन शेजाऱ्यांच्या हद्दीतली चार हात जमीन लागते. हा खर्च पैशाचा कमी आणि मनाचा जास्त आहे, आणि म्हणूनच हे काम संस्था करू शकणार नाही, गावच करू शकतं.

तिसरं म्हणजे फिजिओथेरपी, हृदयाची दर वर्षीची तपासणी, मुंबईला जायचा-यायचा, राहायचा खर्च. यातलं काहीच स्टेजवर दाखवण्याजोगं नाही. महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं लागतं, वर्षानुवर्षं लागतं. श्वासाची आणि हृदयाची नीट काळजी घेतली तर आज यातली बरीच मुलं विशी-तिशी गाठतात. म्हणून एका रात्रीत मोठा आकडा जमवून पुढची पाच वर्षं विसरून जाण्यापेक्षा दर वर्षी ठरलेला छोटा निधी मला लाखमोलाचा वाटतो. जगभर ७ सप्टेंबर हा ड्यूशेन दिवस पाळतात, कारण डिस्ट्रोफिनच्या जनुकात ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात, म्हणून नवव्या महिन्याची सात तारीख. ही तारीख बहुतेकदा चतुर्थीच्या आगेमागेच येते आणि मुंबईकर तेव्हा गावात असतात. यापेक्षा सोयीचा दिवस कुठला?

एक गोष्ट मात्र खडसावून सांगते. या पैशातला एक रुपयाही स्टेम सेलच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांना जाऊ नये. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता असे उपचार मान्यताप्राप्त चाचण्यांच्या बाहेर देताच येत नाहीत. तरीही फोन येतात, लाखांची पॅकेजं सांगतात, आणि हतबल बाप घरावर कर्ज काढतो. तसंच सोळा कोटींच्या इंजेक्शनचं. ते एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी) या दुसऱ्या आजाराचं आहे, ड्यूशेनचं नाही. व्हॉट्सॲपवर दोन्ही एकत्र फिरतात. सरकारी मदतीसाठी २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक आहे, तिथे आधी विचारा. अपंगत्वाचा दाखलाही काढा. २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

पावती पुस्तकाबद्दल तरुण मंडळींना विनंती. नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडची परवानगी, बँक खातं हे सगळं आधी नीट करा. जमा-खर्चाचा कागद देवळाच्या फलकावर लावा, अगदी बारीक रकमेसकट. लोक पुढच्या वर्षी पुन्हा देतील ते हा कागद बघूनच.

आणि दशावतार तर व्हायलाच हवा! लोकांनी तिकीट काढून यावं ते आख्यानातल्या राजाचं युद्ध बघायला, पखवाज ऐकायला. कला चांगली असली की माणूस आनंदाने देतो. मंडपात पुढे खुर्च्यांची एक रांग मोकळी ठेवा आणि तिथपर्यंत फळ्यांचा उतार करा. ज्या मुलांना माइकवर बोलायचं असेल त्यांना जरूर बोलू द्या. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिला यातलाच दुसरा प्रकार आहे, ती सुरेख निवेदन करते. तिला बोलवा, आणि इतरांना देता तेवढंच मानधन तिलाही द्या.

पुढची बैठक श्रावणातल्या शेवटच्या रविवारी आहे. ती देवळाच्या सभामंडपाऐवजी शाळेत घ्यावी असं मी मंडळाला सुचवलंय, कारण देवळाला पायऱ्या आहेत आणि भाच्याला बैठकीला यायचंय. आसपासच्या ज्या वाड्यांत अशी मुलं आहेत, त्यांच्या घरच्यांनी शक्य असेल तर मुलांना घेऊनच यावं. गाडीची सोय लागत असेल तर मला मेसेज करा, दोन रिक्षावाले आधीच तयार झालेत.