फाइंडरमध्ये सर्व्हर दिसत नाही, म्हणून एसएमबी १ सुरू करू नये

मॅकला कार्यालयातला विंडोज सर्व्हर सापडत नसेल, तर सर्व्हरवर एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याच्या एसएमबी या पद्धतीची जुनी आवृत्ती) सुरू करावे, फायरवॉल बंद करावी, शेअर केलेल्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला म्हणजे सर्वांना ‘फुल कंट्रोल’ हा पूर्ण अधिकार द्यावा आणि फाइलींच्या नावांचा घोळ उरलाच तर तो मॅकचा दोष समजावा, असा सल्ला छपाई आणि डिझाइनच्या कार्यालयांत हातोहात फिरत असतो. तो पाळल्यावर कधीकधी काम सुरू होते, पण अडचण नेमकी कुठे होती हे कळत नाही आणि सर्व्हर मात्र उघडा पडतो.

एसएमबी १ची मॅकला गरज असते, हा यातला सर्वांत चुकीचा भाग आहे. २०१३च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या आवृत्तीपासून अ‍ॅपलने फाइल शेअरिंगसाठी एसएमबी २ हाच मुख्य मार्ग ठरवला, तर मायक्रोसॉफ्टने २०१७च्या अखेरीस आलेल्या विंडोजच्या आवृत्त्यांपासून एसएमबी १ आपोआप बसवणे थांबवले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजच्या एसएमबी १मधल्याच त्रुटीचा फायदा घेतला होता. गैरसमजाचे मूळ असे, की नेटवर्कवरच्या संगणकांची जुनी यादी एसएमबी १च्या आधाराने तयार होत असे, आणि फाइंडर (मॅकवर फाइली पाहण्याचा प्रोग्रॅम) ज्या बोंजूर घोषणांची, म्हणजे ‘मी इथे आहे’ असे नेटवर्कवर कळवणाऱ्या संदेशांची, वाट पाहतो त्या विंडोज सर्व्हर स्वतःहून करत नाही. म्हणजे सर्व्हर न दिसणे आणि न जोडला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइंडरमध्ये कमांड आणि के या कळा दाबून सर्व्हरचा पत्ता थेट लिहावा. नावाने जोडणी होत नाही पण आयपी पत्त्याने होते, असे आढळल्यास दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, शोधावा. एसएमबी १ आधीच सुरू करून ठेवले असेल, तर ते बंद करण्यापूर्वी सर्व्हरवर त्याच्या वापराची नोंद घेण्याची सोय चालू करावी, कारण ते खरोखर वापरणारे उपकरण बहुधा कोपऱ्यातला जुना स्कॅनर निघतो.

फायरवॉलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मॅकला सर्व्हरच्या टीसीपी ४४५ या पोर्टपर्यंत (एसएमबीच्या जोडणीचे दार) पोहोचता आले की पुरे, आणि तेवढी मोकळीक कार्यालयाच्या नेटवर्कपुरती देता येते. सर्व्हरने पासवर्ड नाकारला, तर मॅक त्याच्यापर्यंत पोहोचला हे उघडच आहे. अशा वेळी मॅकच्या किचेनमध्ये (पासवर्डांच्या साठ्यात) साठलेला जुना पासवर्ड काढून टाकावा, वापरकर्त्याचे नाव डोमेनसह (कार्यालयाच्या विंडोज नेटवर्कच्या नावासह) लिहून पाहावे आणि दोन्हीकडची घड्याळे तपासावीत. त्यांच्यात पाच मिनिटांहून अधिक अंतर असेल, तर नेहमीच्या मांडणीत कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा ओळख मान्य करत नाही.

‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देण्यामागे मात्र एक खरा अनुभव आहे: फाइल उघडते, तिच्यात बदल करता येतात, पण सेव्ह होत नाही. मॅकवरचे अनेक प्रोग्रॅम मूळ फाइलवर थेट लिहीत नाहीत, तर शेजारी तात्पुरती फाइल तयार करून तिने मूळ फाइल बदलतात. त्यामुळे ज्याला लिहिण्याचा अधिकार आहे पण फाइल पुसण्याचा नाही, त्याचे काम इथे अडते. यासाठी संबंधित गटाला ‘मॉडिफाय’ (लिहिणे आणि पुसणे दोन्हींची परवानगी) पुरते. ‘फुल कंट्रोल’मुळे त्यापलीकडे परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकार मिळतो, जो पानांची मांडणी करणाऱ्याला कशासाठी हवा? शिवाय शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीची) परवानगी यांपैकी जी कडक असेल तीच लागू होते. म्हणून एकच सैल करून उपयोग झाला नाही की लोक दुसरीही सैल करतात.

नावांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. मॅकवर प्रश्नचिन्ह किंवा तारांकन असलेले फाइलनाव चालते, विंडोजवर चालत नाही. मग मॅक त्या चिन्हांऐवजी युनिकोडच्या खासगी विभागातली चिन्हे पाठवतो आणि विंडोजवर तिथे चौकोन दिसतात. मराठी नावांत आणखी एक खाच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ एकाच कोडने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन कोडांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क असे अक्षर सुटे करून साठवते आणि एनटीएफएस मिळालेले नाव जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे अशा डिस्कवर केलेली झिप फाइल सर्व्हरवर उघडली, की हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये नांदू शकतात. दोघींच्या तारखा पाहून जुनी बाजूला काढावी आणि राहिलेल्या फाइलचे नाव विंडोजवर नव्याने टाइप करावे.