'बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

ख्रिस्ती ग्रुप्सवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: बायबलमधलं सदोम शहर समलैंगिकतेमुळे जळालं, लेवीय या नियमांच्या पुस्तकात मनाई आहे, येशूने मत्तय 19 मध्ये समलिंगी लग्न नाकारलं, प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत विषय संपवला, आणि ज्या चर्चनी अशी लग्नं मान्य केली त्यांनी बायबल सोडलं. शेवटची ओळ, 'अशांना मंडळीत जागा नाही'. मी चर्चमध्येच वाढलो, बायबल माझ्यासाठी देवाचं वचन आहे, म्हणून हे गप्प बसून वाचवत नाही. समलिंगी लग्न चूक मानणारे कितीतरी प्रामाणिक ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्याकडे विचार करायला लावणारे मुद्दे आहेत, पण या मेसेजमध्ये ते आलेलेच नाहीत.

आधी सदोम. उत्पत्ति 19 उघडा आणि सावकाश वाचा. गावातले पुरुष लोटाच्या घराला वेढा घालतात, पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, आणि लोट त्यांच्याऐवजी स्वतःच्या मुली देऊ करतो. ही सरळसरळ सामूहिक बलात्काराची धमकी आहे. शास्ते 19 मध्ये गिबा गावात जवळपास हाच प्रकार होतो, तिथे एका बाईवर रात्रभर अत्याचार होतात आणि ती मरते, पण त्यावरून स्त्री-पुरुषांचं लग्न वाईट असं आपण कधी म्हटलं नाही ना. आणि सदोमचा अपराध काय होता ते यहेज्केल 16:49 मध्ये दिलंय: गर्व, अन्नाची रेलचेल, निवांत सुख, आणि गरिबाला हात न देणं. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख आहे आणि यहूदाच्या पत्रात लैंगिक पापाचाही आहे, ते मी लपवणार नाही. पण दोन माणसांनी आयुष्यभर निष्ठेने एकमेकांना सांभाळावं का, हा प्रश्नच त्या गोष्टीत नाही.

लेवीय 18:22 मध्ये मनाई आहे, मान्य. पण त्याच अध्यायात तीन वचनं आधी पाळी चालू असताना बायकोजवळ जायलाही मनाई आहे आणि ती आपण कुणालाच लावत नाही. यहेज्केल 18:13 तर व्याजाने पैसे देणाऱ्यालाही अमंगळ कृत्यांच्या यादीत घालून मृत्यूची शिक्षा सांगतो, 1179 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेने, उघड व्याजखोरांना कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) आणि ख्रिस्ती दफन दोन्ही नाकारलं होतं, आणि आज वसईत कॅथलिकांनी 1918 मध्ये उभी केलेली सहकारी बँक आहे, जिचा आपल्याला अभिमान आहे. म्हणजे चर्चने वचन फेकलं नाही, ते कशासाठी दिलं होतं याचा विचार केला. परंपरावादी म्हणतील की लैंगिक नियम वेगळे, ते नैतिक कायद्यात येतात. ठीक आहे, पण मग तसं मांडा, नुसता वचनाचा नंबर लिहून विषय संपत नाही.

मत्तय 19 मध्ये परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, येशूला घटस्फोटाबद्दल विचारतात आणि तो 'नर व नारी अशी उत्पन्न केली' हे उत्पत्तीतलं वचन सांगतो. परंपरावादी बाजूचा हा सगळ्यात भक्कम आधार आहे असं मला वाटतं, आणि 'येशू यावर काही बोललाच नाही' हे आमच्याकडचं उत्तर त्याच्यापुढे कमी पडतं. पण तोच येशू त्याच उत्तरात, जारकर्माचं कारण सोडून, घटस्फोटानंतरच्या दुसऱ्या लग्नाला व्यभिचार म्हणतो, आणि तरी चर्च ऑफ इंग्लंडने 2002 पासून तशी लग्नं चर्चमध्ये होऊ दिली. तिथे आपण माणसाचं तुटलेलं आयुष्य बघून दया शोधली, मग इथे ती शोधणंसुद्धा पाप कसं?

पौलाचं रोम 1 अवघडच आहे, तिथे समलिंगी संबंधांना लाजिरवाणं म्हटलंय. ज्यांनी देवाला सोडून मूर्ती धरल्या त्यांचं काय झालं हे तो सांगतोय, यादीत मत्सर आहे, चहाडी आहे, आईबापांची अवज्ञा आहे, आणि वाचणारा मान डोलावत असतानाच 2:1 येतं: दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. मेसेज नेमका त्या वचनाआधीच थांबतो. अभ्यासकांत दोन्ही बाजू आहेत. वेस्ली हिल स्वतः गे आहेत, नव्या कराराचे अभ्यासक आहेत आणि परंपरेची शिकवण मानून अविवाहित राहणं हाच मार्ग मांडतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड हेज यांनी 1996 मध्ये समलिंगी संबंधांविरुद्ध जे लिहिलं ते परंपरावादी कितीतरी वर्षं दाखवत होते, आणि त्याच हेज यांनी 2024 मध्ये मुलाबरोबर पुस्तक लिहून आपलं मत बदलल्याचं सांगितलं. त्यांचा आधार बायबलच होता, देवाची दया कशी रुंदावत जाते ते. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांना मंडळीत घेतलं, ते याच वाटेवरचं.

'बायबल सोडलेली चर्च' म्हणजे कोण, आणि त्यांनी अशी लग्नं कधी मान्य केली? चर्च ऑफ स्वीडन 2009, अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च 2015, ब्रिटनमधले मेथडिस्ट 2021, चर्च ऑफ स्कॉटलंड 2022. युनायटेड मेथडिस्ट चर्चने 2024 मध्ये बंदी उठवली, त्याआधी या वादात अमेरिकेतल्या त्यांच्या साधारण एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. बायबलची फिकीर नसती तर कुणी इतकी वर्षं भांडलं असतं का?

या मेसेजच्या काही कॉपींमध्ये 'पोपनेही परवानगी दिली' असं जोडलेलं असतं, ते खोटं आहे. 18 डिसेंबर 2023 च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात फक्त जोडप्याला साधा आशीर्वाद देण्याची मुभा आहे, लग्नाची नाही, लग्नाची व्याख्या तीच ठेवली आहे.

आणि ती शेवटची ओळ. कॅथलिक कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, समलैंगिक संबंध चूकच मानतो, तरी त्याचा 2358 क्रमांकाचा परिच्छेद सांगतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारा, अन्यायी भेदभाव करू नका. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं तेव्हाचं कलम 377 कायम ठेवलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी उघड सांगितलं होतं की समलैंगिक माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही. समलिंगी लग्नाला विरोध कायम ठेवून ते हे बोलले. तुम्हाला परंपरेची बाजू मांडायची असेल तर जरूर मांडा, उत्पत्तीतून मांडा, इफिसकरांस पत्रातून मांडा, मी वाचेन. पण पुढे पाठवण्याआधी ती ओळ काढा, कारण त्याच ग्रुपवर अशा मुलामुलींचे आईबापही असतात आणि रविवारी ते तुमच्याच बाकावर बसतात.