खणातलं पुस्तक

गेली बावीस वर्षं मी मोजमापाची उपकरणं विकतोय. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज. महिन्यातले बारा-तेरा दिवस टूर. त्यामुळे खोलीत शिरलो की पाय धुण्याआधी पलंगाशेजारचा खण उघडून बघायची खोड लागलीय. लॉजवर बहुतेक वेळा मेनूकार्ड आणि एखादं मेलेलं झुरळ. जरा बऱ्या हॉटेलात मात्र कधीकधी एक जाडसर पुस्तक असतं, त्यावर छोटंसं दोन कानांचं मडकं आणि ज्योत. गिडियनवाल्यांचं बायबल.

गेल्या महिन्यात टूरवर आमचा नवा पोरगा बरोबर होता. त्याने ते हातात धरून विचारलं, "सर, हे आपल्या खोलीत कशाला? खाली तक्रार करू का?" म्हटलं, आधी जेव, मग सांगतो हे कुणी ठेवलंय ते. आपल्याच जातवाल्यांनी. जात म्हणजे सेल्समन!

१८९८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बॉस्कोबेल नावाच्या गावात हॉटेल भरलेलं होतं. मग निकल्सन आणि हिल या दोन फिरत्या विक्रेत्यांना एकच खोली वाटून घ्यावी लागली. दोघेही भाविक निघाले. पुढच्या वर्षी नाइट्स नावाचा तिसरा येऊन मिळाला आणि तिघांनी संघटना काढली. नाव घेतलं बायबलातल्या गिदोनाचं, इंग्रजीत गिडियन. बत्तीस हजारांच्या फौजेतून फक्त तीनशे माणसं निवडून, मडक्यांत झाकलेल्या मशाली आणि शिंगं घेऊन लढाई मारणारा तो. (तीन माणसांच्या संघटनेला हे नाव सुचणं, याला म्हणतात सेल्समनचा आत्मविश्वास.)

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सुरुवातीला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की पुस्तक काउंटरवर ठेवावं, ज्याला हवं तो मागून घेईल. पण शेवटी ठरलं की प्रत्येक खोलीत एक. १९०८ साली मॉन्टानातल्या सुपीरियर गावच्या हॉटेलात पहिल्या प्रती गेल्या. खर्च सभासदांच्या आणि देणगीदारांच्या खिशातून, हॉटेलला फुकट. २०१५पर्यंत त्यांनी वाटलेल्या प्रती, नुसता नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापलेल्याही धरून, २०० कोटींवर गेल्या. आमच्या कंपनीने एवढे साधे पॉकेट कॅलेंडर वाटले नाहीत.

काउंटर की खण, हा निर्णय फिरतीवर राहिलेल्या माणसालाच कळतो. ऑर्डर हातची गेलीय, घरी फोन केला तर पोरगं तापाने फणफणलंय, रात्रीचे दोन वाजलेत. अशा वेळी खाली जाऊन पेंगणाऱ्या पोराला "जरा धर्मग्रंथ द्या" असं कोण म्हणेल? तो आधी हॉटेलमालकाला उठवेल. खण उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, न उघडायलाही नाही. म्हणून २०१४ साली ब्रिटनमधल्या ट्रॅव्हलॉजने सगळ्या खोल्यांतली बायबलं काढून रिसेप्शनवर ठेवली, कुणावर अन्याय नको म्हणून, तेव्हा मला ते पटलं नाही. ठेवल्यासारखं करून काढून टाकणं झालं ते.

मी स्वतः देवाधर्माचा नाही. वारीत चहा वाटायला उभा राहतो, तेवढंच. तरी तो खण तसाच असू द्यावा, असं माझं मत आहे. आणि त्यात दुसरं कुणी आणखी काही ठेवलं तर तेही चालेल. गीता ठेवणारे आहेतच. जपानमध्ये बुद्धाच्या उपदेशाचं पुस्तक असतं, एका पानावर जपानी, समोर इंग्रजी. ते छापून वाटणारी संस्था १९६५ साली काढली येहान नुमाता यांनी. हे नाव वाचून मी टोकियोच्या खोलीत ताडकन उठून बसलो होतो. हे म्हणजे मितुतोयो या मोजमापाच्या उपकरणांच्या जपानी कंपनीचे संस्थापक! भोसरीपासून सातपूरपर्यंत ज्यांचा मायक्रोमीटर देवघरातल्या टाकासारखा पुसून पेटीत ठेवतात, ते. मितुतोयो माझा प्रतिस्पर्धी, पण त्या रात्री मनातल्या मनात नमस्कार केला.

माझी हरकत वेगळीच आहे. मालकाने स्वतःचं घोडं दामटलं की मला खटकतं. मॅरियट हॉटेलांचं घराणं मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचं, म्हणून त्यांच्या खोल्यांत बायबलच्या जोडीला मॉर्मन ग्रंथ. हे तसं निरुपद्रवी. पण जपानच्या आपा हॉटेलांत मालकाने स्वतःच लिहिलेली पुस्तकं ठेवली, त्यांत जपानी सैन्याने १९३७ साली चीनमध्ये केलेलं नानजिंगचं हत्याकांड झालंच नाही असा दावा. २०१७ साली चीनमध्ये केवढा गदारोळ झाला त्यावर. पैसे मोजून झोपायला आलेल्या माणसाच्या उशाशी यजमानाने आपलं म्हणणं ठेवणं, आणि एका फिरस्त्याने दुसऱ्यासाठी काहीतरी मागे ठेवून जाणं, यात मला फरक दिसतो. आमच्या पोराला तो दिसला नाही. "पण सर, हेतू तर प्रचाराचाच ना?" म्हणाला. आहेच. मीही दिवसभर प्रचारच करतो, आणि मी तर बेल वाजवून करतो.

परवा इचलकरंजीच्या लॉजवर सवयीने खण उघडला. तळाला जुना पेपर, अॅसिडिटीच्या दोन गोळ्या आणि आधीच्या कुणीतरी विसरलेली आमच्या प्रतिस्पर्ध्याची नवीन प्राइसलिस्ट. दोन वाजेपर्यंत वाचत बसलो.